लाँगटाउनचा गुरुवार, सांगोल्याचा रविवार



मागच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभा होतो. पुढे नुकताच इकडे आलेला एक मुलगा होता. त्याने सहज विचारलं, "काका, इंग्लंडला आल्यावर तुम्ही पहिला प्रोजेक्ट कुठल्या डोमेनमध्ये केलात?" बँकिंग, इन्शुरन्स असं काहीतरी उत्तर त्याला अपेक्षित असणार. मी म्हटलं, "मेंढ्या." तो हसला, रांगेतले आणखी दोघे हसले, मीही हसलो. पण घरी येताना गाडीत तो विषय डोक्यातून जाईना. म्हणून हे टिपण. जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

वायटूकेची लाट ओसरली होती आणि कामं मिळायची मारामार होती. २००० सालच्या शेवटी मला कार्लाईलजवळच्या एका छोट्या कंपनीत कॉन्ट्रॅक्ट मिळालं. जनावरांच्या लिलाव बाजारांसाठी बिलं काढणारं सॉफ्टवेअर ही कंपनी करायची. लॉट नंबर, विकणारा, घेणारा, नग, भाव, कमिशन असा सगळा सरळ मामला. मी मूळचा माणदेशातला, सांगोल्यापासून थोड्या अंतरावरच्या वाडीतला. कामाचं स्वरूप फोनवर सांगितलं तेव्हा आमचे आण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, म्हणाले, "एवढं शिकून शेवटी बाजारातच गेलास व्हय रं?"

त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते मला दोन महिन्यांनी कळलं.

एक मंगळवार, एक शुक्रवार

२० फेब्रुवारी २००१, मंगळवार. एसेक्समधल्या एका कत्तलखान्यात आलेल्या डुकरांना लाळ्या-खुरकूत झाल्याचं नक्की झालं. आपल्यापैकी ज्यांच्या घरी गोठा होता त्यांना हा रोग समजावून सांगायला नको. तोंडातून लाळ गळते, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात, जनावर वैरण सोडतं. आपल्याकडे मोठं जनावर सहसा मरत नाही, पण दूध आटतं आणि ऐन पेरणीत बैल बसून राहतो. ब्रिटनमध्ये मात्र १९६७-६८ नंतर या रोगाची मोठी साथ आलेली नव्हती. नव्या पिढीच्या शेतकऱ्याने तो डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता.

शोध मागे मागे जात नॉर्थम्बरलंडमधल्या हेडन-ऑन-द-वॉल इथल्या डुकरांच्या फार्मवर पोचला. तिथे उपाहारगृहांतलं खरकटं नीट न उकळता डुकरांना घातलं जात होतं. बाहेरून बेकायदा आलेलं मांस त्यात असावं, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. तिथून विषाणू वाऱ्यावर जवळच्या मेंढ्यांपर्यंत गेला. मेंढीची गंमत अशी की तिला हा रोग झाला तरी फारसा दिसत नाही. थोडी लंगडते, दोन दिवसांनी बरी होते, आणि तोवर विषाणू वाटत हिंडते. त्यातल्या काही मेंढ्या १३ फेब्रुवारीला हेक्सहॅमच्या बाजारात विकल्या गेल्या. १५ तारखेच्या गुरुवारी लाँगटाउनचा बाजार होता. आमच्या ऑफिसपासून तो गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, आणि मेंढ्यांसाठी देशातल्या सर्वात मोठ्या बाजारांपैकी एक. तिथून ट्रक निघाले ते पार दक्षिणेला डेव्हनपर्यंत.

म्हणजे एसेक्समध्ये पहिलं निदान झालं तेव्हा रोग एका जागी नव्हताच. पुढे झालेल्या चौकशीच्या अहवालानुसार त्या दिवशी १६ काउंट्यांमधल्या किमान ५७ ठिकाणी तो आधीच पोचलेला होता. आणि देशभर जनावरांची ने-आण बंद केली गेली ती २३ तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी. मधले तीन दिवस बाजार भरत राहिले, ट्रक धावत राहिले.

माझी अर्ध्या तासाची क्वेरी

शनिवारी सकाळी मॅनेजरने घरी फोन करून बोलावून घेतलं. आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका बाजाराला सरकारी पशुवैद्यांकडून विचारणा आली होती : गेल्या तीन आठवड्यांत तुमच्याकडून कुठल्या मेंढ्या कुठे गेल्या? मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. दोन टेबलं जोडायची आणि यादी छापायची.

यादी छापली. ती वाचायला लागलो आणि पोटात गोळा आला.

घेणाऱ्याच्या रकान्यात व्यापाऱ्याचा खाते क्रमांक होता. पत्ता होता तो त्याच्या घराचा, जिथे बिल पाठवायचं तिथला. एका व्यापाऱ्याने सात विक्रेत्यांकडून अकरा लॉट घेतले होते, सगळ्या मेंढ्या एकाच ट्रकमध्ये भरल्या होत्या आणि वाटेत पाच फार्मवर थोड्या थोड्या उतरवल्या होत्या. कुठल्या कुठे उतरल्या याला आमच्या डेटाबेसमध्ये रकानाच नव्हता. कुणी मागितलाच नव्हता. आमच्या प्रणालीला पैसे कोण देणार हे चोख माहीत होतं, पण मेंढी त्या रात्री कुठे मुक्कामाला गेली हे माहीत नव्हतं. शिवाय लिलावाच्या बाहेर, पार्किंगमध्ये उभ्या उभ्या झालेल्या सौद्यांची तर ओळसुद्धा नव्हती.

मग सुरू झाले फोन. व्यापाऱ्यांना, ट्रकवाल्यांना, त्यांच्या बायकांना. एका व्यापाऱ्याचा हिशेब सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला होता, आणि खरं सांगतो, तो आमच्या यादीपेक्षा जास्त उपयोगी पडला. एका बाजाराची उस्तवार करायला आम्हाला पाच दिवस लागले. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण दोन ते चौदा दिवस लागतात. त्या हिशेबात पाच दिवस म्हणजे काय, ते तुम्हीच बघा.

मार्चमध्ये ऑफिसला जाताना रस्त्यावर जंतुनाशकात भिजवलेल्या चटया असायच्या, त्यावरून गाडी हळू न्यायची. माळावरच्या पायवाटा बंद. लांबवर धूर दिसायचा, आणि तो कशाचा हे कुणी विचारायचं नाही. आमच्याकडे हिशेब बघणारी एक बाई होती. तिच्या भावाची दुधाची गुरं होती. त्यांना रोग नव्हता, पण शेजारच्या फार्मवर होता, आणि तेव्हाच्या धोरणाप्रमाणे लागून असलेल्या फार्मवरची जनावरंही मारायची होती. आदल्या संध्याकाळी त्याने नेहमीच्या वेळेला धारा काढल्या. आम्ही नवरा-बायको डबा घेऊन गेलो होतो. फाटकावर 'आत येऊ नये' अशी पाटी होती, म्हणून डबा तिथेच ठेवून परत आलो. दुसऱ्या दिवशी ती बाई ऑफिसला आली आणि न बोलता दिवसभर पावत्या लावत बसली. त्या पावत्या मेंढ्यांच्याच होत्या.

साथ संपली तेव्हाचे आकडे असे : एकूण २,०२६ ठिकाणी रोग आढळला, त्यातली ८९३ ठिकाणं एकट्या कंब्रियात. साठ लाखांहून जास्त जनावरं मारली गेली, त्यातली बरीचशी निरोगी. शेवटची केस ३० सप्टेंबरची. सरकारी तिजोरीचा खर्च ३ अब्ज पौंडांच्या वर, आणि शेती-पर्यटनवाल्यांचं नुकसान आणखी ५ अब्जांच्या वर. ३ मेच्या स्थानिक निवडणुका ७ जूनवर ढकलाव्या लागल्या.

आणि आपल्या दृष्टीने एक गोष्ट. या विषाणूचा जो उपप्रकार होता, त्याला शास्त्रज्ञ पॅनएशिया म्हणतात. तो सर्वप्रथम नोंदला गेला उत्तर भारतात, १९९० साली. तिथून अर्धं जग फिरून अकरा वर्षांनी तो माझ्या ऑफिसच्या दारात आला. भारतातून येताना बॅगेत घरचं तूप किंवा पेढे आणायला इथे बंदी आहे, त्यामागे हेच कारण आहे. मीसुद्धा पूर्वी आईच्या हातच्या तुपाची बरणी स्वेटरात गुंडाळून आणलेली आहे. २००१ नंतर नाही आणली.

गायीला पासपोर्ट, मेंढीला काहीच नाही

तेव्हा मला सर्वात चक्रावून टाकणारी गोष्ट ही होती की याच देशात गायीचा जन्मापासूनचा प्रवास नोंदलेला होता. १९९६च्या मार्चमध्ये 'मॅड काऊ'चा माणसाशी संबंध असल्याचं सरकारने मान्य केलं आणि ब्रिटिश गोमांसाची निर्यात बंद पडली. तो रोग वर्षानुवर्षं शरीरात दबून राहतो. त्यामुळे गाय कुठे जन्मली, कुठे वाढली, कुणाकुणाकडे राहिली हे दाखवल्याशिवाय कुणी मांस घेईना. मग १ जुलै १९९६पासून गायींना पासपोर्ट आले, आणि सप्टेंबर १९९८मध्ये कंब्रियातल्याच वर्किंग्टन गावातून राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली. दोन्ही कानांत टॅग, आणि जनावर हललं की विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही तीन दिवसांत कळवायचं.

आपल्यातल्या डेटाबेसवाल्यांसाठी सांगतो, तो क्रमांक फार शहाणपणाने बनवलेला आहे. आधी देशाची अक्षरं, मग सहा अंकी कळपाचा क्रमांक, मग एक तपासणी अंक, मग पाच अंकी जनावराचा क्रमांक. गोठ्यात अंधारात, शेण लागलेला टॅग वाचताना एक अंक चुकला, तर तपासणी अंक जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. ज्याने हा विचार केला तो नक्की कधीतरी गोठ्यात उभा राहिलेला माणूस असणार.

पण मेंढीवर मॅड काऊसारखी वेळ आलेली नव्हती. त्यामुळे मेंढीला फक्त कळपाची खूण होती, स्वतःचा क्रमांक नव्हता. नोंदी होत्या त्या शेतकऱ्याच्या घरी वहीत. मागच्या रोगासाठी बांधलेली भिंत पुढच्या रोगाने वळसा घालून ओलांडली.

पुढे सुधारणा झाल्या. नवीन जनावर फार्मवर आणलं की काही दिवस तिथून दुसरं जनावर हलवायचं नाही, असा नियम आला. २००३पासून ही मुदत गाई-मेंढ्यांसाठी सहा दिवसांची झाली. २०१०पासून मेंढ्यांना इलेक्ट्रॉनिक टॅग आले. २००७च्या ऑगस्टमध्ये सरे काउंटीत लाळ्या-खुरकूत पुन्हा आला, तोही पिरब्राइटच्या प्रयोगशाळांच्या आवारातून निसटून. पण या वेळी ज्या दिवशी निदान झालं त्याच दिवशी देशभर हालचालबंदी लागली. एकूण फार्म बाधित झाले आठ. दोन्ही साथींची सरळ तुलना करणं बरोबर नाही, कारण २००७ला मोठा मेंढीबाजार त्या वाटेत आलाच नाही. पण तीन दिवस आणि शून्य दिवस यातला फरक मी स्वतः मोजलेला आहे.

रुमालाखालचा सौदा

आता सांगोल्याकडे वळतो. दर रविवारी तिथे जनावरांचा बाजार भरतो. खिल्लार बैल, गाई, म्हशी, शेरडं-मेंढरं. लहानपणी आण्णांबरोबर मी जायचो. हेडी आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालायचे, बोटं धरून भाव व्हायचा, आणि बाजूला उभ्या असलेल्याला पत्ता लागायचा नाही. बाजार समितीची पावती मिळायची. तिच्यावर विकणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, जनावराचं वर्णन : 'बैल, पांढरा, चौसा, शिंगं मागे'. अशा वर्णनाचे बैल त्या दिवशी बाजारात शंभर तरी असायचे.

२०२२च्या ऑगस्टअखेर माझ्या चुलतभावाने, म्हणजे आण्णांच्या दादाने, एका हेड्याकडून संकरित गाय घेतली. दुभती, अंगाने भरलेली. कानाला भोक होतं, पण टॅग नव्हता. हेडी म्हणाला, झुडपात अडकून तुटला. आठव्या दिवशी गाईला ताप आला, अंगावर गाठी उठल्या. लम्पी. महाराष्ट्रात त्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातून त्याची सुरुवात झाली होती. दोन आठवड्यांत वाडीतली आणखी पाच जनावरं आजारी पडली. संकरित गाय वाचली, आण्णांची जुनी खिल्लार गाय गेली. नव्वदीला आलेला माणूस, तो तीन दिवस दावणीकडे फिरकला नाही. सरकारने दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार भरपाई जाहीर केली होती. दादाने कागद केले. आण्णा म्हणाले, "पैसं घ्या, पर ती कुठनं आली ती इचारा की रं कुणीतरी."

तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी अगदी तेच विचारलं. गाय कुठल्या गावची? त्याच टेम्पोत आणखी कुठली जनावरं होती? ती कुठे उतरली? हेड्याचा फोन बंद. चार दिवसांनी लागला तेव्हा तो म्हणाला, तीन गावांत दिली, पण कुणाला ते नीट आठवत नाही. दादा मला हे फोनवर सांगत होता आणि माझ्या डोळ्यासमोर २००१ची ती यादी होती. एकवीस वर्षं, सात हजार किलोमीटर, आणि तोच रिकामा रकाना.

लम्पी माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. त्यामुळे नोंदी कितीही चोख असत्या तरी तो पूर्ण थांबला असता असं मी म्हणणार नाही. पण माशी फार लांब जात नाही. जिल्हे ओलांडतो तो टेम्पो. बाधित गावाभोवती पाच किलोमीटरच्या परिघात लस टोचायची असं धोरण होतं. पण परिघ काढायला मध्यबिंदू माहीत हवा ना! तो कळेपर्यंत बाजार बंद करून सगळ्यांचीच ने-आण थांबवावी लागली. ज्यांची जनावरं ठणठणीत होती आणि पोरीच्या लग्नाला बैल विकायचे होते, तेही अडकले.

टॅग आहे, पुढे काय?

गेल्या काही वर्षांत भारतात बरंच काही झालंय, आणि ते आपल्याला इथे बसून माहीत नसतं. सप्टेंबर २०१९मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्या नियंत्रणाची राष्ट्रीय योजना सुरू झाली, पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटींची. लसीबरोबर जनावराच्या कानात बारा अंकी टॅग मारायचा आणि त्याची नोंद देशाच्या एका प्रणालीत करायची. ही प्रणाली आता 'भारत पशुधन' नावाने ओळखली जाते. महाराष्ट्राने तर १ जून २०२४पासून टॅग नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री आणि वाहतूक करायची नाही असा नियम केला. २०१९च्या पशुगणनेत देशात ५३ कोटींहून जास्त पशुधन मोजलं गेलं. एवढ्या कानांपर्यंत पोचणं ही चेष्टा नाही.

पण मंडळी, माझं दुखणं वेगळं आहे. टॅग म्हणजे नुसती ओळख. आधार कार्ड असलं म्हणून तुम्ही काल रात्री कुठे होतात हे त्यावर लिहिलेलं नसतं. रोगाच्या वेळी उपयोगी पडतात त्या तीन गोष्टी : कुठलं जनावर, कुठून कुठे, आणि कधी. पहिलीचं काम टॅग करतो. दुसरी आणि तिसरी नोंदायची ती विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, प्रत्येक वेळी, आणि तीही रोग नसताना. तिथेच सगळं अडतं. जनावर विकलं जातं, पण प्रणालीत मालक जुनाच राहतो. मग साथ आली की डॉक्टर जुन्या मालकाच्या दारात जातात आणि तो म्हणतो, साहेब, ती तर पोळ्यालाच विकली.

शेतकऱ्याचंही ऐकून घेतलं पाहिजे. कान पिकतो, टॅग तारेत अडकून कान फाटतो, नोंद करायला माणूस वेळेवर भेटत नाही. आणि आपल्याकडे हालचाल फक्त बाजारातून होत नाही. ऊसतोडीला बीडकडून बैल निघतात, मेंढपाळ कळप घेऊन महिनोन्‌महिने चालत असतात. कंब्रियाचा तक्ता उचलून माणदेशात चिकटवून चालणार नाही. पण हे होणारच नाही असंही मी मानत नाही. बुळकांडीचा रोग आपल्या आज्यांनी गोठेच्या गोठे रिकामे करताना पाहिला. गावोगाव रोग हुडकून, लस टोचून भारत २००६मध्ये त्यातून मुक्त जाहीर झाला आणि २०११मध्ये सगळं जग. तेव्हा हातात मोबाईल नव्हता.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी अजून गोठा आहे. भाऊ बघतो, काका बघतात, आपण वर्षातून एकदा जाऊन फोटो काढतो. पैसे पाठवतो, कधी गाय घेऊन देतो. तर पुढच्या वेळी गाय घ्यायला पैसे पाठवाल तेव्हा एवढं विचारा : कानात टॅग आहे का, त्या क्रमांकावर विकणाऱ्याचंच नाव आहे का, आणि घेतल्यावर ते आपल्या नावावर करून घेतलं का. नवीन जनावर आणलं की पंधरा दिवस वेगळं बांधायला सांगा. फोनवर दोन मिनिटांचं काम आहे.

गेल्या दिवाळीत दादाने एक कालवड विकली. मी विचारायच्या आधीच त्याने मोबाईलवर फोटो पाठवला, पिवळा टॅग आणि खाली घेणाऱ्याचं नाव. सोबत आवाजी निरोप होता : "तुझं ते मेंढराचं काम झालं बघ. डॉक्टरला तीनदा फोन केला, तवा त्यांनी नाव बदललं."

तीनदा फोन करायला लागला, हे मी नोंदवून ठेवलंय.